टिटवीचा दगड

त्या राज्यात वर वेस होती, खाली डोह होता, आणि दोघांचं एकमेकांशी कधी बोलणं नव्हतं.

वेशीवर सगळा कारभार बोलण्याचा. बाहेरून येणारे तिथे थांबत, अमका कुठे राहतो, तमकी अजून आहे का, असं विचारत, आणि वेशीवरच्या साळुंक्या त्यांना गोड आवाजात उत्तर देत. डोहाच्या तळाशी मात्र शब्दाला थारा नव्हता. तिथे दगड होते. राज्यातल्या प्रत्येक जिवाचा एक दगड, आणि प्रत्येक रानाची, काठाची, उताराची एक ओळ. ज्याचा दगड ज्या ओळीत, तो तिथला. तिथलं गवत त्याच्यासाठी बाजूला सरे, तिथलं झाड त्याला फांदी देई. ज्याचा दगड कुठल्याच ओळीत नाही, त्याला कुठलंही झाड ओळखत नसे.

दगडांची राखण कासवं करत. एका जिवाला दुसरा दगड मिळायचा नाही, हा त्यांचा नियम. ओळीबाहेर काही पडलेलं दिसलं की ते झाडून चिखलात लोटायचं, हाही नियमच. त्यात राग नसे, लोभ नसे. झाडणं हे त्यांचं काम होतं.

वेस आणि डोह यांच्या मध्ये टेकडी होती. टेकडीवर एक जुना वड होता आणि वडाच्या सावलीत पाणमांजरं राहत. जमिनीवर चालणारी आणि पाण्याखाली दम धरणारी जात ती एकच, म्हणून वेशीवरचा निरोप तळाशी न्यायचा, तळचा दगड वाचून वेशीला सांगायचं, कुणी घर बदललं तर त्याचा दगड एका ओळीतून दुसऱ्या ओळीत ठेवायचा, ही कामं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होती.

डोह काळोखा होता आणि त्याला ओढ होती. आधाराशिवाय उतरलेला परत येत नसे. तेव्हा प्रत्येक पाणमांजर लव्हाळ्याचा दोर वळी, काठावरच्या खुंटाला बांधी आणि तो धरून खाली जाई. आपला दोर आपणच वळायचा. दुसऱ्याच्या दोराला पंजा लावायचा नाही. आणि एकदा सोडलेला दोर पाण्यातून काढायचा नाही, कारण दोर काढणं म्हणजे आपण पुन्हा उतरणार नाही असं सगळ्यांदेखत कबूल करणं. त्यामुळे जिवंतांचे दोर डोहात होते, म्हाताऱ्यांचे होते, मेलेल्यांचेही होते. वरून पाहिलं तर पाणी नितळ दिसे. दोन हात खाली गेलं की नुसता गुंता.

या गुंत्यावर सर्वांत जास्त चिडणारं पाणमांजर म्हणजे तिरीप. ती तरुण होती. वेशीवर राहून साळुंक्यांचं बोलणं शिकली होती, दगड वाचायलाही शिकली होती, आणि दोर वळण्यात मात्र फार कच्ची होती. पाणमांजरांची थोरली शेवाळीआत्या, जिचा दोर राज्यात सर्वांत जाड होता, तिचा तो मुद्दाच होऊन बसला होता.

"वेशीवर शिकून आलीस," आत्या म्हणायची, "आता थोडं बोटांनाही शिकव."

तिरीप म्हणे, अर्धा जन्म दोर वळण्यात जातो आणि उरलेला सोडवण्यात, मग काम करायचं कधी? यावर म्हातारी मंडळी हसत. त्यांच्या लहानपणी त्यांनीही हेच विचारलं होतं आणि त्यांच्यावरही कुणीतरी असंच हसलं होतं. तिरीपला राग यायचा तो त्या हसण्याचा.

मग टिटवीचं प्रकरण झालं.

टिटवी नदीकाठी राहत होती. पाण्याने काठ खाल्ला, तेव्हा तिने माळावर जागा मागितली. काम तिरीपकडे आलं. तिने काठाच्या ओळीतून टिटवीचा दगड उचलला आणि माळाच्या ओळीकडे निघाली. वाटेत तिचा दोर मेलेल्यांच्या दोरांत अडकला. ती सोडवत राहिली, दम संपत आला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पंजा उघडला. दगड कुठेतरी खाली गेला. ती वर येऊन खोकत पडली असताना एका कासवाने तो शांतपणे झाडून चिखलात लोटला.

त्या दिवसापासून टिटवी काठाची राहिली नाही आणि माळाची झाली नाही. माळावर गेली तर गवत भिंतीसारखं उभं राही. अखेर वेशीसमोरच्या रस्त्यावर, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खूर पडतात तिथे, तिने उघड्यावर चार अंडी घातली आणि दिवसभर त्यांच्यावर उभी राहून ओरडत राहिली. कुणा वाटसरूने साळुंकीला विचारलं, की टिटवी कुठे राहते? साळुंकीने नेहमीच्याच गोड आवाजात सांगितलं, अशी कुणी नाही. टिटवी तिच्यासमोर उभी होती.

तिरीप माफी मागायला गेली, तर टिटवीने तिला बोलू दिलं नाही.

"तुझी माफी कुठे ठेवू मी? ठेवायला जागा आहे का मला? पिल्लं बाहेर यायच्या आत माझा दगड ओळीत ठेव. आईला ओळ नसली की पिल्लांना दगडच मिळत नाही, हे तुला मी सांगायला नको."

तिरीप तडक आत्याकडे गेली. गुंता काढल्याशिवाय चिखलात शोधता येणार नाही, तेव्हा सगळे दोर काढा, असं तिने म्हाताऱ्यांच्या बैठकीत सरळ सांगितलं. मग एकेकाने आपापला दोर किती जुना आहे ते सांगितलं. शेवटी आत्या म्हणाली, पावसाळा सरला की बघू.

"अंडी पावसाळा सरेपर्यंत थांबतील का, आत्या?"

यावर तिला उद्धट ठरवण्यात आलं.

ती वडाच्या बुंध्याशी येऊन बसली. अंगाचा नुसता भडका उडाला होता. कुणाला काही सांगण्यात अर्थ उरला नाही असं वाटलं की माणूस भिंतीला सांगतो, तसं तिने झाडाला सांगितलं. नखाने सालीवर पाणमांजराची खूण ओरखडली: ही मी. तिच्याखाली एक उघडा पंजा ओरखडला, रिकामा: हे माझ्याकडे नाही. मग ती तिथेच झोपली.

पहाटे उठून ती त्या खुणेपाशी उभी राहिली. वडाला एक फटका मारावा म्हणून तिने पंजा उगारला होता. तो उघडा होता. आणि वरच्या, कधी कुणी न पाहिलेल्या काळोख्या पानांतून एक पारंबी खाली आली आणि त्या पंजात येऊन टेकली.

तिरीप हलली नाही. या पारंब्यांखाली ती जन्मली होती. पारंब्यांना झोके घेतले होते, पाठी खाजवल्या होत्या. पारंबी कुणाकडे तरी येते, हे तिने कधी पाहिलं नव्हतं, कारण राज्यात रिकाम्या हाताने तिथे कुणी उभंच राहिलं नव्हतं. प्रत्येकाच्या पंजात स्वतःचा दोर असे.

तिने हलकेच ओढून पाहिलं. पारंबी लांबली. ती टेकडी उतरू लागली तशी पारंबी तिच्याबरोबर उतरत गेली, काठ ओलांडून पाण्यात शिरली आणि गुंत्याच्या कडेकडेने, जणू वाट ठाऊक असल्यासारखी, तळाकडे गेली. त्या सकाळी तिरीपने प्रथम डोह पाहिला. आजवर तिचं सगळं ध्यान दोरात असायचं. आता दोराची काळजी दुसऱ्या कुणाला तरी होती आणि तिचे डोळे मोकळे होते. खाली दगडांच्या ओळी गेल्या होत्या, जिथवर उजेड पोचत होता तिथवर आणि त्याच्याही पुढे. हरणांच्या ओळी, मुंग्यांच्या ओळी, ज्यांची नावं वेशीवर कुणी कधी विचारली नव्हती अशांच्या ओळी. एकही दगड दुसऱ्यासारखा नव्हता आणि एकही आपल्या जागेवरून तसूभर सरकलेला नव्हता. आपण ज्याला अडगळ समजत होतो ते एवढं मोठं आहे, हे तिला तेव्हा कळलं.

वर येऊन तिने पारंबी सोडली. पारंबी आपली आपण वर गेली.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या वयाच्यांना बोलावलं. त्यांनीही बुंध्यावर खुणा केल्या: आम्ही हे, आम्हाला हे हवं. सकाळी ज्याच्या त्याच्या पंजात पारंबी आली, काम झालं की परत गेली आणि पुढच्याच्या पंजात उतरली. पारंब्या मोजक्याच होत्या, तरी कुणी अडून राहिलं नाही, कारण कुणी आपली म्हणून धरून बसलं नाही. मग तिरीप वेशीवर गेली आणि साळुंक्यांना म्हणाली, यापुढे पाणमांजराला शोधत टेकडीभर हिंडू नका. वडाच्या ढोलीत तोंड घाला आणि विचारा. साळुंकीने विचारलं. ढोलीतून तो आवाज सालीखालून फिरत गेला आणि ज्या पाणमांजराची खूण त्या कामाची होती त्याच्याच कानाशी उमटला. कुणाला हाक मारायची, हे साळुंकीला ठाऊक असायची गरज उरली नाही. डोह किती खोल आहे, हेही तिला ठाऊक नव्हतं. तिने विचारलं आणि उत्तर आलं, एवढंच.

तरुणांनी आपले दोर काढले. काही म्हाताऱ्यांनीही काढले, इकडेतिकडे बघत. मेलेल्यांचे दोर तिरीपने स्वतः ओढून काढले, आणि त्यासाठी तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं. आत्याचा दोर तेवढा राहिला.

गुंता सुटला तसा चिखल दिसू लागला, आणि एका दुपारी त्यात टिटवीचा दगड सापडला.

चिखलापासून माळाची ओळ फार लांब होती. एका दमात जाणं शक्य नव्हतं. तिरीपला त्याचं काही वाटलं नाही. हाताशी वड होता. तिने दगड अर्ध्या वाटेवर आणून ठेवला, दम घ्यायला वर आली, पारंबी सोडली, दुसरी आली, ती धरून खाली गेली. दगड नव्हता. कासवाने तो झाडून चिखलात लोटला होता, या वेळी दुसरीकडेच.

तो पुन्हा सापडायला संध्याकाळ झाली. वेशीसमोर टिटवी आता ओरडत नव्हती. मान वाकवून अंड्यांना कान लावून उभी होती.

सर्वांत म्हातारं कासव, तळोबा, त्या वेळी काठावर उतरतं ऊन खायला आलं होतं. तिरीपने त्याला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. तळोबाने ते ऐकलं आणि मान थोडी बाहेर काढली.

"मधल्या वेळात दगड कुणाचा होता?"

"माझा."

"तू तर वर होतीस."

तिची एक पारंबी संपून दुसरी येईपर्यंत दगड कुणाचाच नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं, आणि ते कासवाच्या तोंडून कळावं याचा तिला संताप आला.

"पारंबीला गाठ मार," तळोबा म्हणाला. "गाठ आहे तोवर पारंबी तुझी. कितीदाही दम घे. आणि गाठ पडली की आम्ही डोळे मिटतो."

"डोळे मिटल्यावर काय होतं?"

"काहीच झालेलं नसतं. गाठ सुटली की डोळे उघडतो. सगळं झालं असेल तर ते झालं. अर्धं झालं असेल तर ते झालंच नाही."

"हे तुम्हाला आधीपासून येतं?"

"डोह आहे तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही."

"विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असाही नियम आहे का तुमच्यात?"

तळोबाने बराच वेळ विचार केला. "असेल," तो म्हणाला. "बघून सांगतो."

सकाळी तिरीपने पारंबीला गाठ मारली आणि उतरली. तळावर एकामागून एक कासवांचे डोळे मिटत गेले. झाडणं थांबलं. डोहाची ओढसुद्धा थांबल्यासारखी वाटली. तिने दगड उचलला. वर जाऊन दम घेऊन आली, तर दगड होता तिथेच, मिटल्या डोळ्यांच्या मधोमध, जणू तो कुणी उचललाच नव्हता. माळाची ओळ दिसू लागली. तिने वेग वाढवला आणि शेवाळीआत्याच्या दोरात जाऊन आदळली. जाड दोराने पायाला वेढा घातला. तिने हिसका दिला. पारंबी कचकन तुटली आणि गाठ पाण्यात वाहून गेली.

पुन्हा तेच, असं तिला वाटलं. पुन्हा पंजा उघडला. पुन्हा दगड सुटला.

पण दगड पडला नाही. तो पाण्यात थबकला आणि आल्या वाटेने मागे जाऊ लागला. तिच्या पायांनी उडालेला गाळ कणाकणाने खाली बसत आपापल्या जागी गेला. चिखलात जिथून तिने दगड उपसला होता तिथला खड्डा उघडला, दगड त्यात उतरला, चिखल त्याच्यावर मिटला. मग कासवांनी डोळे उघडले आणि झाडायला लागली. कुठे ओरखडा नाही, कुठे उणं नाही. तिरीप दम संपेपर्यंत बघत राहिली. नुकसान न करता हरता येतं, हे तिने आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं.

पायाला वेढलेल्या दोराच्याच आधाराने ती वर आली तेव्हा काठावर आत्या उभी होती. तिने वरून सगळं पाहिलं होतं. वेशीकडून कुणीतरी निरोप आणला, की पहिल्या अंड्यातून टकटक ऐकू येते आहे.

"आत्या, तुझा दोर," तिरीप म्हणाली. धाप लागली होती, म्हणून आवाज चढला नाही.

"माझ्या आईने सुरू केला होता हा. मी पुढे वळत आले." आत्याने वडाकडे पाहिलं. "तुझ्या त्या झाडाला कोण सांभाळतं?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही आणि त्याच्या भरवशावर डोहात उतरतेस?"

"तू लव्हाळ्याच्या भरवशावर उतरतेस. लव्हाळा कोण वाढवतं?"

या पोरीच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही, असं काहीतरी पुटपुटत आत्या खुंटाशी बसली आणि दोराला दात लावले. दात जुने होते. दोर त्याहून चिवट. तिरीप मदतीला पुढे झाली, तर आत्या गुरगुरली.

"माझा आहे."

तिरीप मागे सरली आणि थांबली. थांबणं तिला जमत नसे. लव्हाळ्याचा एकेक पीळ सुटत होता आणि वेशीकडून टकटक ऐकू येत असल्याचा तिला भास होत होता, तरी ती थांबली. शेवटचा पीळ तुटला. दोर पाण्यावर एकदा लांबच लांब पसरला आणि आत्याने तो स्वतः, वेटोळं घालत, काठावर ओढून घेतला.

तिरीपने पंजा उघडला. पारंबी आली. तिने गाठ मारली. खाली डोळे मिटले.

या वेळी वाटेत काही नव्हतं. दम घ्यायला ती वर आली, पुन्हा खाली गेली, आणि दगड तिची वाट बघत होता. माळाच्या ओळीत एक रिकामी जागा होती. तिने दगड तिथे ठेवला. मग तिने गाठीला पंजा लावला आणि क्षणभर तशीच राहिली. आजूबाजूला सगळी कासवं डोळे मिटून होती आणि एवढ्या मोठ्या डोहात, जे झालं आहे आणि जे अजून झालेलं नाही, ते तिला एकटीला दिसत होतं. तिने गाठ सोडली.

डोळे उघडले. तळोबा माळाच्या ओळीवरून सावकाश चालत आला. टिटवीच्या दगडापाशी पोचला. त्याने तो झाडला नाही. वळसा घालून पुढे गेला.

त्याच वेळी वर, माळावरचं गवत मधोमध दुभंगलं आणि थेट वेशीसमोरच्या रस्त्यापर्यंत एक वाट मोकळी झाली. टिटवीने ती पाहिली, अंड्यांकडे पाहिलं, आणि अंडी गवतातून कशी न्यावीत याचा विचार करेपर्यंत पहिलं अंडं फुटलं. ओलं, ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू पायांवर उभं राहिलं आणि कुणी न सांगता त्या वाटेने चालू लागलं. तळावर टिटवीच्या दगडाशेजारी त्याच्या दगडासाठी हाताएवढी जागा आपोआप मोकळी झाली.

पुढे एका सकाळी एक अनोळखी वाटसरू वेशीवर आला आणि त्याने विचारलं, टिटवी कुठे राहते? साळुंकीने ढोलीत तोंड घातलं. टेकडीवर त्या वेळी पाणमांजरं आपापल्या खुणांपाशी उभी होती, तिरीप त्यांच्यात होती, आणि रांगेच्या अगदी टोकाला, बुंध्यावरच्या एका ताज्या, वेड्यावाकड्या ओरखड्यापाशी, शेवाळीआत्या उभी होती. ती भलतीकडेच बघत होती, जणू ऊन खायला आली आहे. साळुंकीचा प्रश्न तिच्याच कानाशी उमटला. तिचा पंजा उघडा होता.

वडाचं पान हललं नाही. पारंबी खाली आली आणि त्या पंजात टेकली. आत्याने गाठ मारली, आणि खोल डोहात एका कासवाने डोळे मिटले.